वाल्मीक सरांची कटकटणारी डिस्क

“धोंडीराम पिंगळे. वय सांगण्याची गरज नाही. उंची मध्यम, परंतु दृष्टी उंच. नाक सरळ आणि संशय त्याहून सरळ. उत्तर महाराष्ट्रातील पहिले आणि आजमितीस एकमेव संगणक-गुप्तहेर. बंद पडलेल्या यंत्राकडे एक नजर टाकून ते का बंद पडले, कोणी पाडले आणि पाडताना त्याच्या मनात काय होते, हे ते सांगतात. यंत्र पुन्हा सुरू करणे हा त्यांच्या कार्याचा दुय्यम भाग आहे.”

हा मजकूर माझा नाही, मामाचा आहे. त्याच्या प्रत्येक केसची हकीकत मी लिहायची आणि प्रत्येक हकीकतीच्या डोक्यावर हा मजकूर जसाच्या तसा घालायचा, अशी त्याची अट आहे. त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं खरं आहे.

मी पल्लवी, त्याची भाची. हार्डवेअरचा कोर्स मी केलाय, मामाने नाही. मामाने आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही. मग लोक टीव्ही दुसरीकडे नेऊ लागले, तेव्हा त्याने अशोकस्तंभाजवळच्या त्याच गाळ्यावर ‘त्रिनेत्र कॉम्प्युटर्स : निदान व तपास’ अशी पाटी चढवली. मला सातपूरच्या एका कंपनीत मुलाखतीला जायचं होतं. आई म्हणाली, “परक्यांची चाकरी कशाला, घरचा मामा आहे की.” घरच्या मामाने मला एक खुर्ची दिली, स्क्रूड्रायव्हरचा सेट दिला आणि एक नियम दिला. केस चालू असताना मामा म्हणायचं नाही, सर म्हणायचं. मी सर म्हणते. मनात काय म्हणते ते माझं मला माहीत.

ही केस २००१ सालची. दसरा नुकताच होऊन गेला होता आणि ऑक्टोबरच्या उन्हाने गाळ्याचा पत्रा तापला होता. फोन वाजला, तो मी उचलला. पलीकडे निकिता नावाची मुलगी होती. इंदिरानगरला वाल्मीक सरांकडे दुपारी टायपिंगला जाते, म्हणाली.

“ताई, कॉम्प्युटरमधून आवाज येतो. कट्. मग जरा वेळाने परत कट्. मशीन कामात असलं की येतो, एरवी नाही. आमच्या क्लासमधले म्हणतात, हार्ड डिस्क चालली.”

“चालली म्हणजे?”

“म्हणजे जाणार.”

ते खरं असू शकत होतं. हार्ड डिस्क मरायला टेकली की असाच आवाज करते. आतली सुई आपली जागा शोधते, जागा सापडत नाही, सुई मागे फिरते, आणि प्रत्येक खेपेला कट् वाजतं. असं ऐकू आलं की शहाण्या माणसाने आधी आतल्या माहितीची दुसरीकडे कॉपी करावी आणि मग काय रडायचं ते रडावं. हे मी मामाला सांगितलं.

“कॉपी हा परीक्षेतला गुन्हा आहे,” मामा म्हणाला आणि एम-एटीला किक मारायला बाहेर गेला. मी गुपचूप एक कोरी हार्ड डिस्क पिशवीत टाकली.

वाल्मीक सरांनी स्वतःच दार उघडलं. सटाण्याच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, आता नाशिकला स्थायिक. चपला बाहेर काढायला लावल्या, हात धुवायला लावले आणि मगच पुढच्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर टेबलावर होता. मॉनिटरच्या कपाळावर खंडेनवमीचं हळदीकुंकू, कॅबिनेटच्या गळ्यात वाळलेली झेंडूची माळ. टेबलाच्या डावीकडे स्वयंपाकघराचं दार होतं आणि दाराला पोपटांच्या नक्षीचा जाड पडदा.

“काय साठवलंय यात?” मामाने विचारलं.

“अहिराणी-मराठी शब्दकोश,” सर म्हणाले. “निवृत्त झाल्यापासून दुसरं काही केलेलं नाही. सगळा यात आहे.”

“आणि यात नसेल तर?” मी विचारलं. “म्हणजे, कार्डं, चिठ्ठ्या?”

“होत्या ना. पोतं भरून होत्या. पण कॉम्प्युटरमध्ये गेलं म्हणजे कायमचं झालं, असं म्हणून आम्ही त्या बंबात घातल्या.”

“कागद कोरडा व्हता,” पडद्यामागून एक बाई म्हणाल्या. “पानी लवकर तापे.”

या सरांच्या मिसेस, मालनबाई. पडद्यामागे का, तर कॉम्प्युटर विकणाऱ्याने सांगून ठेवलं होतं की वाफ, तेल आणि फोडणी यांपासून मशीन लांब ठेवा. सरांनी त्यात फोडणी देणाऱ्यालाही धरलं होतं. तेव्हापासून सर इकडून शब्द विचारत, मालनबाई पडद्याआडून अर्थ सांगत आणि निकिता टाइप करत असे. कोशाचं काम असं चाललं होतं.

“फ्लॉपीवर काही घेतलंय?” मी निकिताला हळूच विचारलं.

“मावत नाही, ताई. सर म्हणाले कोश एक, तर फाइलही एकच ठेवायची.”

“यातले निम्मे शब्द हिच्या आईचे आहेत,” सर म्हणाले. “झुंबरबाईंचे. त्या गेल्या. ते शब्द आता बोलणारं कोणी नाही.”

पडदा जरा हलला. “मनी मायना शब्द शेतस त्यामा,” मालनबाई म्हणाल्या. “जातीन का त्या?”

मला अहिराणी येत नाही, पण हे कळायला यायची गरज नव्हती. “नाही जाणार, काकू,” मी म्हणाले. म्हणून तर बसले, आणि मग माझं लक्ष मामाकडे गेलं. तो मॉनिटरच्या मागे जाऊन वायरींचा वास घेत होता. आपण या घरात काय घेऊन आलो, असं मला फार वाटलं.

“गुन्हेगार या घरातच आहे,” मामाने वर येऊन सांगितलं.

“गुन्हेगार?” सर म्हणाले.

“तो कोण आहे ते नंतर कळेल. कुठे आहे ते मी सांगितलं.”

मग त्याने निकिताला कोशाची फाइल उघडायला सांगितली. कोश मोठा, मशीन जुनं. मॉनिटरवर वाळूचं घड्याळ आलं आणि बसलं. आम्ही सगळे बघत उभे राहिलो. थोडा वेळ गेला, आणि आला आवाज.

कट्.

“ऐकलंत?” निकिता कुजबुजली.

मामाने हात वर केला. “कोणीही बोलू नका. हालू नका. श्वास बेताने घ्या.”

सगळे गप्प झाले. पंख्याची घरघर तेवढी उरली. आवाज काही आला नाही. फाइल उघडली, अकारापासूनचे शब्द दिसायला लागले, मामाचा हात दुखायला लागला, तरी आवाज आला नाही.

“तिने माझा आवाज ओळखला,” मामा म्हणाला.

“कोणी?”

“डिस्कने. मुरलेली आहे.”

सरांना आधीचाही आवाज ऐकू आला नव्हता. डावा कान शाळेने नेला, असं ते म्हणाले. चाळीस पोरांचा वर्ग कायम डाव्या हाताला असायचा. मग मामाने पडद्याजवळ जाऊन मालनबाईंची साक्ष घेतली.

“बाई, तुम्हाला आत्ता काही आवाज येतो आहे का?”

“नई, भाऊ. काहीच नई.”

“साक्षीदार प्रामाणिक आहे,” मामाने मला सांगितलं. “लिहून घे.”

मी लिहून घेतलं. तेव्हा हसू आलं नव्हतं, आता येतं.

मग आम्ही कॅबिनेट उघडलं. म्हणजे मी उघडलं. मामा टॉर्च धरून उभा होता आणि टॉर्च माझ्या डोळ्यांवर धरत होता. आत धूळ, झेंडूच्या पाकळ्या आणि पंख्याच्या बुडाशी अक्षतांचा एक दाणा सापडला. मामाने तो चिमटीत धरून सगळ्यांना दाखवला.

“पूजा कोणी केली?”

“मी केली,” सर म्हणाले. “शाळेत असताना फळ्याची करायचो.”

“आणि अक्षता वाहिल्या.”

“फळ्याला कधी त्रास झाला नाही.”

“फळ्याला पंखा नसतो,” मामा म्हणाला. हे त्या दिवसातलं त्याचं सर्वांत शहाणं वाक्य. “तांदूळ पात्यात अडकतो, पातं तांदळाला मारतं, कट् वाजतं. केस संपली. पल्लवी, झाकण लाव.”

मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. सरांनीही खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. मी झाकण लावलं, मशीन चालू केलं, निकिताने कोश उघडायला घेतला. वाळूचं घड्याळ आलं.

कट्.

मामाने हातातल्या दाण्याकडे पाहिलं. दाणा निर्दोष होता. त्याने तो परत मॉनिटरच्या डोक्यावर ठेवला.

पुढच्या तासाभरात मामाने जे शोध लावले ते सगळे द्यायचे तर मला दुसरी नोकरी बघावी लागेल. डिस्क दक्षिणेकडे तोंड करून बसली आहे म्हणून टेबल फिरवलं. मग घरात पाल आहे असा संशय आला, त्यासाठी ट्यूबलाइटच्या पट्टीमागे झाडू फिरवून झाला. पाल होती, ती निघून गेली, आवाज राहिला. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक कॅबिनेटला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून मामा बराच वेळ डोळे मिटून बसला.

“काय ऐकू येतंय?” सरांनी विचारलं.

“पश्चात्ताप,” मामा म्हणाला.

एवढ्यात मालनबाईंनी पडद्याआडून चहाचा ट्रे पुढे केला. चहा होईपर्यंत मी कोश दोनदा बंद करून उघडला होता, आणि गंमत अशी की तेवढ्या वेळात एकदाही कट् वाजलं नव्हतं. हे मी मामाला सांगितलं, ते माझं चुकलं. मामाने आपला चहा तसाच वाफाळता उचलला आणि कॅबिनेटच्या डोक्यावर नेऊन ठेवला.

“वाफेने आराम पडतो तिला,” तो म्हणाला. “छातीत कफ असणार.”

“वाफेपासून लांब ठेवा म्हणाले होते,” सर घाबरून म्हणाले.

“कोण म्हणालं होतं?”

“विकणारा.”

“विकणाऱ्याचा यात हात आहे का, तेही बघावं लागेल.”

मी तो कप उचलून पिऊन टाकला. मामाचा होता, पण पुरावा म्हणून नष्ट करणं भाग होतं. मग मी जरा आवाज चढवून म्हणाले, “सर, आपण स्कॅनडिस्क लावू या. डिस्क कुठे खराब आहे ते मशीनच सांगेल.” ‘सर’ ऐकल्यावर मामा विरघळतो.

स्कॅनडिस्क म्हणजे मशीन आपल्याच डिस्कचा कोपरान्‌कोपरा तपासतं आणि पडद्यावर एक-एक चौकोन भरत जातं. खराब जागा सापडली तर तिथे खूण येते. याला वेळ लागतो. टायपिंग बंद, शब्द विचारणं बंद. सर हातावर हात ठेवून बसले, निकिता नखं बघत बसली, मी चौकोन बघत बसले. आणि आवाज सुटला. कट्. जरा थांबून कट्, कट्. इतका मोकळेपणाने तो दिवसभरात वाजला नव्हता. प्रत्येक कट्‌ला सरांकडे बघून निकिता मान हलवायची आणि सर खुर्चीचा हात दाबून धरायचे. ऐकू येत नव्हतं ते त्यांना तिच्या मानेवरून कळत होतं. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी तपासणी संपली. खराब जागा एकही नव्हती. डिस्क ठणठणीत आहे, असं मशीनने स्वच्छ लिहून दिलं.

“खोटं बोलतेय,” मामा म्हणाला.

“सर, मशीन कशाला खोटं बोलेल?”

“स्वतःची तपासणी स्वतः केली तर तू बोलशील का खरं?”

माझी मात्र आता खात्री पटत चालली होती, आणि तीही चुकीचीच. मला वाटलं, डिस्क खरंच जातेय, फक्त स्कॅनडिस्कला अजून पत्ता लागलेला नाही. म्हणून मी पिशवीतली कोरी डिस्क काढली, जोडली आणि मामा बाथरूममध्ये गेलाय हे बघून कोशाची कॉपी चालू केली. पट्टी निम्म्यापर्यंत गेली. मशीन गुंतलेलं, सगळे बसलेले. कट्. कट्. कट्.

मामा ओले हात घेऊन धावत आला आणि त्याने कॉपी मधेच थांबवली.

“काय करतेस? दर कट्‌ला आतला एक शब्द मरतोय,” तो म्हणाला. “मरणाऱ्याला भाषण करायला लावतात का?”

निकिताच्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी हळूच विचारलं, “कुठले शब्द गेले असतील?” पडद्यामागे एकदम शांत झालं.

मग मामाने उभं राहून दोन्ही हात पाठीमागे बांधले. हे फार वाईट लक्षण असतं. टीव्हीच्या काळात तो असा उभा राहिला की त्या टीव्हीचं घरी परत जाणं बंद व्हायचं.

“सर, तुम्ही सटाण्याचे. कांद्याची चाळ पाहिली आहे?”

“जन्मभर पाहिली.”

“चाळीत एक कांदा सडला की काय होतं?”

“शेजारचे सडतात.”

“मग काय करतात?”

“सडलेला काढून टाकतात.”

“आपल्याला तेच करायचंय. फॉर्मॅट.”

फॉर्मॅट म्हणजे डिस्क पूर्ण कोरी करणं. सरांना ते माहीत नव्हतं, पण ते मराठीचे शिक्षक होते, त्यांना शब्दाचा सूर कळला. “सडलेला कांदा काढतात, पिंगळे,” ते म्हणाले. “चाळ पेटवून देत नाहीत.”

“सर, डिस्क एकदा स्वच्छ झाली की आतले शब्द आपोआप वर येतात. तेलासारखे.”

हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. “मामा,” मी म्हणाले.

“सर म्हण.”

“मामा, असं काही होत नाही. फॉर्मॅट केलं की सगळं जातं. काकूंच्या आईचे शब्द जातील.”

“पल्लवी, शस्त्रक्रियेच्या वेळी नातेवाइकांनी बाहेर थांबायचं असतं.”

फॉर्मॅटला लागणारी फ्लॉपी मी केव्हाच माझ्या पर्समध्ये टाकून ठेवली होती. मामाने शर्टाच्या खिशातून दुसरी काढली. हा माणूस गेली तीन वर्षं माझ्याकडून पेन मागून लिहितो, पण फॉर्मॅटची फ्लॉपी जोडीने बाळगतो. त्याने ती घातली, मशीन काळ्या पडद्यावर आलं, त्याने एका बोटाने हुकूम टाइप केला. मशीनने विचारलं की डिस्कवरचं सगळं नष्ट होईल, करू का? हो असेल तर एकच बटण दाबायचं होतं.

“जरा थांबा,” सर म्हणाले. “मला एकदा कोश उघडून बघू द्या. नुसता बघतो.”

मामाचं बोट बटणावर होतं. मी त्याचं मनगट धरलं. मामाचं मनगट धरणं आमच्या घरात बसत नाही, पण मी धरलं आणि तो ओढायला लागला तसं दोन्ही हातांनी धरलं.

आणि लाइट गेले.

पंखा थांबला, मॉनिटर विझला. यूपीएस होता, पण सरांनी तो टीव्हीला लावला होता, मालनबाईंची दुपारची मालिका अर्धी राहते म्हणून. मामाचं बोट बटणावर तसंच राहिलं. मी त्याचं मनगट सोडलं नाही. खिडकीतून ऊन येत होतं, रस्त्यावर भाजीवाल्याची हाक ऐकू येत होती, आणि कॉम्प्युटर पूर्ण मेलेला होता.

कट्.

निकिताने खुर्ची मागे ओढली. मामाने कॅबिनेटकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या प्लगकडे, मग परत कॅबिनेटकडे.

“पल्लवी,” तो हळू म्हणाला, “डिस्क विजेशिवाय चालतेय.”

कट्, कट्.

“याची नोंद झाली पाहिजे,” मामा म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, पण त्यात आनंदही होता. “आजवर अशी केस कोणाकडे आलेली नाही.”

दार उघडंच होतं. शेजारच्या विमलाबाई हातात वाटी घेऊन आत आल्या. आम्हाला बघून त्यांना फार आश्चर्य वाटलं नाही. वाल्मीक सरांकडे कोणी ना कोणी शब्द सांगायला येऊन बसलेलं असतंच. त्या आमच्या मधून चालत पडद्यापर्यंत गेल्या. वाटी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पोपटांच्या मधून आत घातला.

“मालनबाई, आजची सुपारी फारच कडक आहे वाटतं. बाहेर पायरीपर्यंत ऐकू येतंय. मला एक फोड द्या बघू.”

आतून त्यांच्या तळहातावर सुपारीची एक फोड आली. विमलाबाईंनी ती तोंडात टाकली आणि आमच्याकडे वळून म्हणाल्या, “काय झालं? कोणाला बरं नाहीये का?”

मी पडदा सरकवला. मालनबाई पाटावर बसल्या होत्या, मांडीवर सुपारीचा डबा आणि हातात पितळी अडकित्ता. आम्ही सगळे एकदम आपल्याकडे का बघतोय ते त्यांना कळेना. त्यांनी पदर सारखा केला.

“काय व्हयनं?”

“काकू,” निकिता म्हणाली, “तुम्ही हे रोज करता?”

“मंग काय रिकामी बसू? तुमनं यंत्र फिरत ऱ्हास तवपावत मी दोन सुपाऱ्या कातरी लेस.”

तर असं होतं. मशीन कामात असलं की सर शब्द विचारायचे थांबत. सर थांबले की मालनबाई रिकाम्या होत. रिकाम्या झाल्या की अडकित्ता उचलत. आम्ही मशीनला जेवढी जास्त तपासणी लावली, तेवढी त्यांना जास्त सवड मिळाली. दुपारभरात फक्त चहा करताना त्यांच्या हातात अडकित्ता नव्हता.

“पण मी विचारलं तेव्हा आवाज येत नाही म्हणालात तुम्ही,” मामा म्हणाला. त्याला साक्षीदाराचं फार लागलं होतं.

“तुम्ही इचारं तवय येतच नव्हता, भाऊ. सगळा गप बसनात, म्हनीसन मीबी गप बसनू. माले वाटनं, काय ऐकी ऱ्हायनात.”

मामा स्टुलावर बसला. मला वाटलं, आता तरी हा माणूस कबूल करील. त्याने घसा साफ केला.

“मी आल्याबरोबर काय सांगितलं होतं?” तो म्हणाला. “गुन्हेगार या घरातच आहे. पल्लवी, लिहिलंयस ना?”

लिहिलं होतं. मी होय म्हणाले.

लाइट आले तेव्हा मी कोणाला न विचारता मामाची मशीनमधली फ्लॉपीही काढून पर्समध्ये टाकली आणि कोशाची कॉपी पुन्हा चालू केली. पट्टी हळूहळू सरकायला लागली. मशीन कामात, सगळे बसलेले. सवयीने मालनबाईंचा हात डब्याकडे गेला आणि त्या आमच्याकडे बघून थांबल्या.

“कातर ना,” सर म्हणाले. “पण तिथे नको, इकडे ये.”

“वाफ लागी ना यंत्रले.”

“लागू दे.”

त्यांनी स्वतः उठून पाट बाहेर आणला आणि टेबलाशेजारी, आपल्या उजव्या हाताला, चांगल्या कानाच्या बाजूला ठेवला. मालनबाई कॉम्प्युटरपासून अंग चोरून बसल्या. एवढी वर्षं त्या मशीनसाठी बोलत होत्या, पण त्याचं तोंड त्यांनी आज पहिल्यांदा जवळून पाहिलं असावं. मग त्यांनी एक सुपारी कातरली. कट्. सरांनी मान वाकडी करून ऐकलं.

“आईचा ना हा?” त्यांनी अडकित्त्याकडे बोट केलं.

“हां. तीबी अशीच कातरे. तुम्ही शब्द इचारेत तवय थांबे, आनि मंग परत कातरे.”

मग सरांनी निकिताला विचारलं, “अशी सुपारी कातरत बसण्याला अहिराणीत शब्द आहे. आपल्या कोशात आहे का गं?”

कॉपी पुरी झाली होती. निकिताने शोधलं. नव्हता.

“एवढा साधा शब्द,” सर म्हणाले. “मालन, हा कसा राहिला?”

“तुम्ही इचारं कधी?” मालनबाई म्हणाल्या. “तुम्ही इचारतस तवय मना हात थांबी जास.”

सरांनी चष्मा काढला आणि ते रुमाल शोधायला लागले. रुमाल खिशातच होता, तरी त्यांना बराच वेळ सापडला नाही. मग त्यांनी तो शब्द रीतसर विचारला. मालनबाईंनी सांगितला, निकिताने टाइप केला, आणि मी दोन्ही डिस्कवर त्याची कॉपी घेतली. तो शब्द मी इथे देत नाहीये, कारण कोश छापून आला की विकत घेऊन वाचा, असं सरांनी मला बजावलंय.

कोशात प्रत्येक शब्दापुढे तो कसा वापरतात याचं एक वाक्य असतं. सरांनी त्यासाठी मालनबाईंकडे पाहिलं. मालनबाईंनी इकडे तिकडे पाहिलं. मामा तेव्हा कॅबिनेटला स्क्रूड्रायव्हर लावून परत ऐकायला बसला होता, खात्री करून घ्यायला. मालनबाईंनी त्याच्याकडे बघत अहिराणीत एक लांबलचक वाक्य सांगितलं. विमलाबाईंच्या तोंडातली सुपारी खाली पडली. सर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि निकिताने मान खाली घालून वाक्य टाइप केलं. त्यात मामाचं नाव मला स्वच्छ ऐकू आलं.

मामालाही आलं. तो फार खूश आहे. आपल्या केसची दखल शब्दकोशाने घेतली, असं तो दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. अहिराणी त्याला येत नाही, आणि माझी त्याला शिकवायची इच्छा नाही.